रसातले प्रथिन कोणाच्या बाजूचे?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: झाडाच्या रसात प्रथिने असतात आणि रोग पडला की ती बदलतात, असे वाचायला मिळते. मग ही प्रथिने झाडाला वाचवतात की रोगाला हातभार लावतात? रस तपासून लक्षणे दिसण्याआधी रोग ओळखता येईल का? आणि एका झाडाचा रस दुसऱ्यावर फवारला की विषाणूपासून संरक्षण मिळते, यात तथ्य किती?

वनस्पतींच्या रोगांवर काम करताना हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सतत समोर येतो. उत्तर देण्याआधी मी नेहमी विचारतो, रस कुठून काढलात? कारण झाडात निदान तीन वेगळे द्रव असतात. मुळांकडून वर जाणारा जलवाहिन्यांतला पातळ रस, पानांत तयार झालेली साखर वाहून नेणारा रसवाहिन्यांतला दाट रस, आणि काही झाडांत चीक. चौथा द्रव आपण स्वतः तयार करतो, पान वाटून. या चौघांतली प्रथिने वेगळी, त्यांची कामे वेगळी आणि रोगाशी असलेले नातेही वेगळे. इतकेच काय, एकच प्रथिन एका वाणात रोगाचे हत्यार ठरते आणि दुसऱ्या वाणात त्याच रोगाला पकडून देते. म्हणून ‘चांगले प्रथिन’ आणि ‘वाईट प्रथिन’ अशी यादी मी कधी करत नाही. ते कोणाच्या जनुकातून आले, कोणत्या वाहिनीत आहे आणि तिथे त्याला ओळखणारे कोणी आहे का, हे तीन प्रश्न विचारतो.

जलवाहिन्यांपासून सुरुवात करू, कारण तिथले चित्र सर्वांत स्पष्ट आहे. जलवाहिन्यांच्या पेशी मेलेल्या असतात. त्या स्वतः प्रथिन बनवू शकत नाहीत. आजूबाजूच्या जिवंत पेशी त्यांत प्रथिने सोडतात. निरोगी झाडातही या रसात पेरॉक्सिडेज, कायटिनेज, ग्लुकानेज अशी विकरे थोड्या प्रमाणात सापडतात. कायटिनेज आणि ग्लुकानेज बुरशीची पेशीभित्तिका फोडतात, म्हणजे बंदोबस्त आधीपासूनच असतो. फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम ही मर रोगाची बुरशी टोमॅटोच्या मुळातून जलवाहिनीत शिरली की ही संरक्षक प्रथिने झपाट्याने वाढतात. इथपर्यंत सारे अपेक्षेप्रमाणे.

पण त्याच रसात बुरशीची स्वतःची प्रथिनेही असतात. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये रोगट टोमॅटोच्या जलवाहिन्यांतल्या रसातून असे एक लहान, सिस्टीनने भरलेले प्रथिन ओळखले. त्याला सिक्स१ असे नाव मिळाले. पुढे सिक्स कुळातली आणखी बरीच प्रथिने सापडली. बुरशीच्या अंगी रोग घडवण्याची पूर्ण ताकद येण्यासाठी सिक्स१ लागते. ते काढून टाकले की बुरशी कमजोर पडते. म्हणजे हे हत्यार झाले. पण ज्या टोमॅटोत जंगली नातलगाकडून आलेले आय-३ हे प्रतिकारक जनुक आहे, तिथे हेच सिक्स१ ओळखले जाते आणि झाड बुरशीला वाहिनीतच अडवते. प्रथिन तेच, निकाल उलटा. फरक फक्त एवढाच की एका वाणात त्याला ओळखणारे कोणी आहे आणि दुसऱ्यात नाही.

या बुरशीची पुढची चाल वाण निवडणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे. सिक्स४ या प्रथिनाला ‘आय’ हे जनुक ओळखते. मग बुरशी ते प्रथिन बाळगते तरी कशाला? कारण ते आय-२ आणि आय-३ या दुसऱ्या दोन जनुकांचा प्रतिकार दाबून टाकते. ‘आय’ असलेले वाण पसरले, तसे सिक्स४ गमावलेले प्रकार पुढे आले, आणि नेमके त्यांच्यावर आय-२ लागू पडते. आय-२ ओळखते ते सिक्स३. त्याच्याबाबत बुरशीने वेगळी युक्ती केली. प्रथिन टाकून दिले नाही, कारण रोग घडवायला ते लागते. त्यातले एखादेच अमिनो आम्ल बदलले. काम तसेच राहिले, ओळख पुसली गेली. प्रतिकारक्षम म्हणून घेतलेला वाण काही वर्षांनी अचानक मरू लागतो, तेव्हा बियाण्यात भेसळ झाली असा संशय लगेच घेतला जातो. तसे असूही शकते, पण आधी बुरशीचा कोणता प्रकार जमिनीत आला आहे ते पाहायला हवे. संपूर्ण पिकाचे भवितव्य एका अमिनो आम्लावर ठरू शकते, याचे मला आजही नवल वाटते.

आता झाडाच्या स्वतःच्या प्रथिनाची गोष्ट. टोमॅटोच्या याच रसात एक्सएसपी१० नावाचे, मेद रेणूंना धरणाऱ्या प्रथिनांसारखे दिसणारे लहान प्रथिन असते. ते झाडाच्या जनुकातून येते, म्हणून ते झाडाच्या बाजूचे असेल असे कोणीही गृहीत धरेल. संशोधकांनी त्याचे उत्पादन दाबले आणि मग बुरशी सोडली. मर रोगाची लक्षणे कमी झाली. म्हणजे रोग पूर्ण बळावण्यासाठी झाडाचे हे प्रथिन असावे लागते. ‘झाडाचे प्रथिन म्हणजे संरक्षण’ हे समीकरण मी का मान्य करत नाही, त्याचे हे एक कारण.

एक गैरसमज इथेच दूर करतो. जिवाणूजन्य मर असलेले खोड कापून पाण्यात धरले की दुधासारखी धार सुटते. तिला अनेकजण ‘रसातले प्रथिन’ म्हणतात. ती धार असते जिवाणूंची आणि त्यांनी बनवलेल्या चिकट बहुशर्करेची. वाहिन्या तुंबण्यात या बहुशर्करेचाच मोठा वाटा असतो. प्रथिनांशी त्या धारेचा फारसा संबंध नाही.

रसवाहिन्यांचे जग वेगळे. इथल्या चाळणी नलिकांच्या पेशी जिवंत असतात, पण त्यांना केंद्रक नसते आणि प्रथिने बनवणारे रायबोसोमही नसतात. शेजारची सहपेशी प्रथिने बनवून सूक्ष्म छिद्रांतून त्यांना पुरवते. या रसात शेकडो प्रकारची प्रथिने सापडतात. आत दाब मोठा असतो, म्हणून नलिका तुटली की साखर बाहेर वाहून जाण्याचा धोका असतो. झाड हे दोन मार्गांनी थोपवते: छिद्रांभोवती कॅलोज नावाची बहुशर्करा साचवून आणि प्रथिनांचा बोळा बसवून.

भोपळा-काकडीच्या कुळात हे नुसत्या डोळ्यांनी दिसते. देठ कापला की आलेला थेंब काही मिनिटांतच जेलीसारखा होतो; जखमेवर रक्त गोठावे तसाच. त्यात पीपी१ आणि पीपी२ ही दोन मुख्य प्रथिने असतात. पीपी१ लांब धागे बनवते. पीपी२ हे लेक्टिन आहे, म्हणजे विशिष्ट शर्करेला चिकटणारे प्रथिन, आणि कायटिनच्या घटकांना ते घट्ट धरते. हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यांच्यातले गंधकाचे बंध जुळतात आणि जेली तयार होते. शिंबावर्गीय झाडांत यापेक्षा सुंदर यंत्रणा आहे. त्यांच्या नलिकांत फोरिसोम नावाचे चातीच्या आकाराचे प्रथिनगठ्ठे असतात. दुखापत झाली, कॅल्शियम आत आले की ते फुगून नलिका बंद करतात. कॅल्शियम ओसरले की पुन्हा आकसतात. यासाठी पेशीला ऊर्जा खर्चावी लागत नाही.

मग मावा तासन्‌तास सोंड खुपसून बसतो, तेव्हा नलिका बंद का होत नाही? कारण त्याच्या लाळेत कॅल्शियम धरून ठेवणारी प्रथिने असतात. घेवड्याच्या जातीतल्या एका पिकावर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, फुगलेले फोरिसोम माव्याच्या लाळेने पुन्हा आकसताना दिसले. म्हणजे रसात आता तिसऱ्याचीही प्रथिने आली. त्यातही एक गंमत आहे. माव्याच्या शरीरात राहणाऱ्या सहजीवी जिवाणूचे ग्रोईएल हे प्रथिन त्याच्या लाळेत सापडते, आणि झाड नेमके त्यालाच ओळखून प्रतिकार सुरू करते.

रसवाहिनी ही वाहतुकीची वाट असल्याने रोग तिचा फायदा घेणारच. सर्वांत बोलके उदाहरण व्हायरॉइडचे. हॉप स्टंट व्हायरॉइड म्हणजे सुमारे ३०० न्यूक्लिओटाइडांचा आरएनएचा एक तुकडा. एकही प्रथिन बनवण्याची माहिती त्यात नाही. तरीही तो झाडभर पसरतो. काकडीत तो पीपी२ ला बांधलेला सापडला, आणि कलमाच्या जोडापलीकडेही पीपी२ जाते असे प्रयोगात दिसले. नळी बुजवणारे आणि कायटिन धरणारे प्रथिन इथे रोगाचे वाहन होते. त्याला संरक्षक म्हणावे की साथीदार? झाडाला ते दोन्हींसाठी लागते, आणि त्यावर उपाय म्हणून पीपी२ काढून टाका असे कोणी सुचवले तर मी नक्कीच सावध करेन.

लिंबूवर्गीय झाडांच्या ग्रीनिंग रोगात हाच प्रश्न आणखी गंभीर होतो. त्याचा लिबेरिबॅक्टर जिवाणू फक्त रसवाहिन्यांत राहतो आणि सिला नावाची कीड तो पसरवते. रोगट झाडाच्या नलिकांत कॅलोज आणि पीपी२ प्रकारची प्रथिने साचतात, साखर पानांतून निघत नाही, पानांत स्टार्च भरते आणि मुळे उपाशी पडतात. पुष्कळ काळ मांडणी अशी होती की झाड जिवाणूला कोंडायला गेले आणि स्वतःच गुदमरले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने हा विचार आणखी पुढे नेला: जिवाणूमुळे रसवाहिन्यांतला प्रतिकार सतत पेटलेला राहतो, ऑक्सिजनचे दाहक रेणू साचतात आणि त्यातच रसवाहिनीच्या पेशी मरतात. त्या प्रयोगांत अँटिऑक्सिडंट आणि जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक वापरल्यावर लक्षणे कमी झाली. मला ही मांडणी पटते, कारण बागेत दिसणारी नासधूस जिवाणूंच्या संख्येच्या मानाने खूप जास्त असते. मात्र यामुळे रोग बरा होतो असा अर्थ कोणी काढू नये. जिवाणू झाडात राहतोच आणि सिला त्याला पुढे नेतच राहते.

या जिवाणूचीही हत्यारे आहेत. त्याचे एसडीई१ हे प्रथिन झाडाच्या पपेनसारख्या (पपईच्या चिकातल्या विकरासारख्या) प्रथिनभेदक विकरांना निकामी करते. ही विकरे रोगाविरुद्ध वापरली जातात, म्हणून ती बंद पाडणे जिवाणूच्या सोयीचे.

फायटोप्लाझ्माबद्दल लिहिताना मला नेहमी जास्त वेळ लागतो, कारण प्रथिनाने झाडाचे रूपच बदलल्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. हे पेशीभित्तिका नसलेले जिवाणू १९६७ मध्ये जपानी संशोधकांनी प्रथम ओळखले. त्याआधी त्यांनी घडवलेले अनेक रोग विषाणूंच्या नावावर जमा होते. फायटोप्लाझ्मा नलिकेत बसून लहान प्रथिने सोडतो आणि ती तिथून बाहेर पडून वाढणाऱ्या शेंड्यापर्यंत पोहोचतात. सॅप५४ हे प्रथिन फुलाचे अवयव ठरवणाऱ्या नियंत्रक प्रथिनांना झाडाच्याच विल्हेवाट यंत्रणेकडे ढकलते. नियंत्रकच संपले की पाकळ्यांच्या जागी हिरवी पाने फुटतात. सॅप११ दुसऱ्या नियंत्रकांना संपवते. मग फांद्या वाढतात, पाने वेडीवाकडी होतात आणि बचावासाठी लागणारे जॅस्मोनिक आम्ल घटते, त्यामुळे तुडतुड्यांची पैदास वाढते. तेंगू नावाचा अवघ्या ३८ अमिनो आम्लांचा पेप्टाइड झाडाला खुजे आणि झुडपासारखे करतो. पर्णगुच्छ झालेल्या झाडाकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे: शेंड्यावर दिसणारी विकृती घडवणारा जिवाणू तिथे असायलाच हवा असे नाही, त्याचे प्रथिन पोहोचले की पुरे.

याच वाटेने झाडाचे चांगले निरोपही जातात. तंबाखूच्या एका पानाला मोझॅक विषाणूची लागण झाली की दूरची, निरोगी पानेही पुढच्या हल्ल्याला तोंड द्यायला तयार होतात, हे १९६१ मध्येच दाखवले गेले होते. २००२ मध्ये ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या लहान रोपात डीआयआर१ हे मेद रेणू धरणारे प्रथिन या निरोपासाठी आवश्यक असल्याचे कळले, आणि नंतर ते रसवाहिनीतून लांबवर जाते हेही दिसले. निरोप एका प्रथिनावर अवलंबून नाही, त्यात इतर लहान रेणूही आहेत. पण डीआयआर१ नसेल तर दूरच्या पानांची तयारी होत नाही.

चिकाबद्दल थोडक्यात. चीक वाहिन्यांतून वाहत नाही, तो स्वतंत्र नलिकांत दाबाखाली साठवलेला असतो, आणि त्याचे मुख्य काम कुरतडणाऱ्यांना रोखणे. पपईच्या चिकातले पपेन अळ्यांना घातक आहे. त्याला बंद पाडणारे रसायन पानांवर लावल्यावर अळ्यांवरचा परिणाम गेला, म्हणजे काम पपेनचेच होते. तुतीच्या चिकातले एमएलएक्स५६ हे प्रथिन इतर अळ्यांची वाढ रोखते, रेशीमअळीला मात्र काही करत नाही. रबराच्या चिकातले हेवीन हे ४३ अमिनो आम्लांचे प्रथिन कायटिनला चिकटते आणि बुरशीला आवरते. तेच रबरी हातमोजे वापरणाऱ्या काही माणसांना ॲलर्जी घडवते. अशा माणसांपैकी काहींना केळे किंवा ॲव्होकाडो सोसत नाही, कारण त्या फळांतल्या काही कायटिनेजांत हेवीनसारखाच भाग असतो. चीक हाताळताना अंगावर गांधी उठत असतील, धाप लागत असेल, तर तो विषय झाडाच्या डॉक्टरचा नाही. वैद्यकीय डॉक्टरला दाखवा, आणि लवकर दाखवा.

आता फवारणीचा प्रश्न. पोकवीड या वनस्पतीचा रस तंबाखू मोझॅक विषाणूची लागण रोखतो, ही नोंद १९२५ मधली आहे. त्यामागचे प्रथिन रायबोसोमच्या आरएनएमधून एक ॲडेनिन काढून टाकते आणि पेशीचे प्रथिन बनवणे थांबवते. बोगनवेल आणि गुलबाक्षीतही अशी प्रथिने आहेत. तेव्हा तथ्य आहे, पण मर्यादा मोठ्या आहेत. रस विषाणूच्या आधी किंवा सोबत लावला तर परिणाम दिसतो. पसरलेला विषाणू त्याने जात नाही. उन्हात आणि पानावरच्या विकरांपुढे प्रथिन किती टिकेल, दोन वेळच्या अर्कांची ताकद सारखी असेल का, याची खात्री घरगुती अर्कात देता येत नाही. आणि रायबोसोम बंद पाडणारे प्रथिन माणसाच्या पेशीलाही निरुपद्रवी मानता येत नाही, म्हणून खाण्याच्या पिकावर मनाने प्रयोग करू नयेत. अनोळखी रोगट झाडांचा रस तर कधीच नाही. तंबाखू मोझॅकसारखे विषाणू रसातूनच पसरतात. औषध समजून रोगच शिंपडला जाईल.

राहिला निदानाचा प्रश्न. होय, रसावरून रोग ओळखता येतो, आणि १९७७ पासून विषाणूंसाठी एलायझा चाचणी वापरात आहे. ती पान वाटून काढलेल्या रसात विषाणूचे आवरण-प्रथिन शोधते. शेतावर वापरायच्या पट्ट्याही त्याच तत्त्वावर चालतात. इथे वाटलेला रस चालतो, कारण विषाणू पानाच्या पेशींतच असतो. पण तुम्हाला वाहिनीतला रसच अभ्यासायचा असेल तर वाटलेले पान निरुपयोगी. त्यातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांत निम्म्यापर्यंत वाटा एकट्या रुबिस्कोचा, म्हणजे प्रकाशसंश्लेषणातल्या मुख्य विकराचा असतो आणि बाकी सारे त्याखाली दबते. उलट, वाहिनीतला म्हणून आणलेल्या नमुन्यात रुबिस्को ठळक दिसले, तर तो नमुना मी बाजूला ठेवतो. कापलेल्या पेशींचा माल त्यात मिसळला आहे.

जलवाहिन्यांतला रस घ्यायचा तर खोड आडवे कापा, पहिले थेंब टिपकागदाने पुसा आणि मुळांच्या दाबाने वर येणारा पुढचा रस बर्फात गोळा करा. रसवाहिनीचा शुद्ध रस सोंड तोडलेल्या माव्याकडून मिळतो. मावा नळीत सोंड घालून असताना ती कापली की रस आपोआप ठिबकत राहतो. १९५३ पासून ही रीत माहीत आहे. पण मिळतो अगदी थोडा. ईडीटीए घातलेल्या पाण्यात देठ ठेवला की कॅल्शियम बांधले जाते आणि नळी लवकर बुजत नाही. रस जास्त मिळतो, मात्र त्यात भेसळ होते. भोपळ्याचा रस भरपूर येतो म्हणून प्रयोगशाळांचा तो आवडता आहे, पण तो मुख्यतः वाहिनीपुंजाबाहेरच्या रसवाहिन्यांतून येतो. साखर वाहणाऱ्या मुख्य नळ्यांबद्दल त्यावरून निष्कर्ष काढताना फार जपावे लागते.

रसात काय शोधावे, हे त्याहून महत्त्वाचे. कायटिनेज, ग्लुकानेज किंवा पीआर-१ ही झाडाची संरक्षक प्रथिने वाढली म्हणून रोगाचे नाव कळत नाही. जखम, वय, पाण्याचा ताण, वेगळा रोग, या सर्वांत त्यातली काही वाढतात. झाड अडचणीत आहे एवढेच त्यातून समजते. नाव सांगते ते रोगकारकाचे स्वतःचे प्रथिन: विषाणूचे आवरण, फ्युजॅरियमचे सिक्स, लिबेरिबॅक्टरचे एसडीई१. ग्रीनिंगमध्ये याचा एक खास उपयोग आहे. जिवाणू झाडात सारखा पसरलेला नसतो; ज्या पानाचा नमुना घेतला त्यात तो नसेल तर डीएनएची चाचणी नकारात्मक येते. त्याने सोडलेले प्रथिन मात्र प्रवाहासोबत जिवाणू नसलेल्या भागांतही पोहोचते आणि प्रतिपिंडांनी पकडता येते. दोन्ही चाचण्या एकमेकींना पूरक म्हणून कराव्यात, आणि एका फांदीवर न थांबता झाडाच्या चारी बाजूंची पाने घ्यावीत. अहवाल नकारात्मक आला आणि शेजारचे झाड रोगट असेल, तर ते झाड निरोगी न मानता काही महिन्यांनी पुन्हा तपासा, आणि तोवर त्याचे डोळे कलमांसाठी देऊ नका.